उन्हात काम करणाऱ्या साइटवर नव्या माणसाकडे आधी लक्ष द्या

बाहेरच्या साइटवर ऊन लागून आजारी पडणाऱ्यांत नवीन आलेले किंवा मोठ्या सुट्टीवरून परतलेले लोक खूप असतात, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात आणि आपण मात्र पहिल्याच दिवशी त्यांना पूर्ण शिफ्टला जुंपतो, हे अजिबात बरोबर नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम 20 टक्केच द्या, मग रोज 20-20 टक्के वाढवा, उरलेला वेळ सावलीतलं काम.

पाणी तहान लागायची वाट न बघता दर 15-20 मिनिटांनी एक कप, आणि ड्रम काम चालू असेल तिथेच ठेवा, लांब असला की कोणी उठून जात नाही. खूप घाम जात असेल तर मीठ-साखरेचं पाणी पण द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोणी अचानक असंबद्ध बोलायला लागला, तोल जातोय, चिडचिड करतोय तर "थकला असेल" म्हणून झोपवू नका, तो उष्माघात असू शकतो, घाम येत असला तरीही. लगेच ॲम्ब्युलन्सला फोन करा आणि ती येईपर्यंत सावलीत नेऊन बूट, जाड कपडे काढा, अंगावर गार पाणी ओतत रहा, वारा घाला, मान आणि काखेत बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, आणि त्याला एकट्याला तर सोडूच नका.