निवडणुकीच्या शरद ऋतूत घराची घडी कशी सांभाळावी

मागच्या निवडणुकीच्या दिवसांत माझ्या आठ वर्षांच्या मुलीने रात्री पांघरूण ओढून घेता घेता मला विचारले, “आई, तुमचा माणूस हरला, तर आपल्याला दुसरीकडे राहायला जावं लागेल का?” हे तिच्या डोक्यात आले कुठून, याचा मी शोध घेतला. त्याच संध्याकाळी मी फोनवर मैत्रिणीशी बोलताना वैतागून म्हणाले होते, की हे लोक निवडून आले तर इथे राहणे कठीण आहे. मैत्रिणीला त्यातला वैताग कळला. मुलीने मात्र ते वाक्य जसेच्या तसे उचलले आणि दोन तास मनात धरून ठेवले. पुढे मी घरात जे बदल केले ते त्या एका प्रश्नामुळे, आणि हा लेख त्याच अनुभवातून लिहीत आहे. मुलांपासून निवडणूक लपवून ठेवण्याची गरज नाही, परंतु घराचे जेवण, झोप, अभ्यास आणि बोलणे यांवर तिला ताबा मिळवू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

शरद ऋतूतील निवडणूक अधिक जड जाते, कारण त्या सुमारास शाळेचे सत्र ऐन भरात असते, दिवस लहान होऊ लागतात आणि हवा बदलल्यामुळे घरात कोणी ना कोणी आजारी असते. अमेरिकेत अध्यक्षपदाचे मतदान नोव्हेंबरमधील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होते, आणि हा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरलेला आहे. महाराष्ट्र विधानसभेचे २०२४ चे मतदान २० नोव्हेंबरला आणि मतमोजणी २३ नोव्हेंबरला झाली. जर्मनीत २०२१ मध्ये २६ सप्टेंबरला मतदान झाले. देश कोणताही असला, तरी प्रचाराचा जोर आणि मुलांच्या चाचण्या एकाच पंधरवड्यात येण्याची शक्यता मोठी असते.

पायरी १ : सगळ्या तारखा एकाच कागदावर आणाव्यात

निवडणूक जाहीर झाली की एक मोठा कागद घेऊन त्यावर येणाऱ्या सहा आठवड्यांचे चौकोन आखावेत आणि तो सर्वांना दिसेल अशा जागी लावावा. त्यावर मतदार यादीत नाव नोंदवण्याची शेवटची तारीख, मतदानाचा दिवस आणि मतमोजणीचा दिवस एका रंगाने लिहावा. परीक्षा, सामने, दातांच्या डॉक्टरांची वेळ इत्यादी गोष्टी दुसऱ्या रंगाने लिहाव्यात. अनेक देशांत शाळांच्या इमारतींमध्येच मतदान केंद्रे असतात, त्यामुळे शाळा बंद राहणार आहे का, आणि मतदानाच्या आदल्या दिवशीही बंद राहणार आहे का, हे शाळेकडून आधीच विचारून घ्यावे. युरोप आणि उत्तर अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक नोंद करावी. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात, आणि लहान मुलांची झोप त्यानंतरचे काही दिवस विस्कटलेली असते.

आई किंवा वडील शिक्षक अथवा सरकारी कर्मचारी असतील, तर भारतात त्यांना निवडणुकीची ड्यूटी लागण्याची शक्यता असते, आणि ही बाब कागदावर सर्वांत आधी लिहावी. ड्यूटी लागलेल्या व्यक्तीला आधी प्रशिक्षणाला जावे लागते, मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन केंद्रावर पोहोचावे लागते, आणि मतदान संपल्यावर यंत्रे व कागदपत्रे जमा करून घरी यायला बऱ्याचदा रात्र उलटते. लहान मुलासाठी ही जवळजवळ दोन दिवसांची गैरहजेरी असते. “उद्या येते” असे मोघम सांगण्याऐवजी “तू उद्या रात्री झोपशील तेव्हा मी नसेन, परवा सकाळी उठशील तेव्हा मी असेन” असे सांगावे, आणि त्या दोन दिवसांत मुलाला शाळेतून कोण आणणार, जेवायला कोण वाढणार, याची नावे त्याच्यासमोर कागदावर लिहावीत. स्वतःच्या मतदानासाठी टपाली मतपत्रिका किंवा निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्राचा अर्ज वेळेत भरावा; धावपळीत नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

पायरी २ : बातम्यांना वेळ ठरवून द्यावी

दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी वीस ते तीस मिनिटे, एवढ्या बातम्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीला पुरेशा असतात. यांपैकी एक वेळ मुले शाळेत असतानाची आणि दुसरी ती झोपल्यानंतरची ठेवावी. बातम्यांच्या ॲपच्या सूचना बंद कराव्यात, आणि नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा आवाजही मतमोजणीपर्यंत बंद ठेवावा. पार्श्वभूमीला चालू असलेला टीव्ही मी सर्वांत घातक मानते. आपण तो ऐकत नसतो, पण गृहपाठ करणारे मूल ऐकत असते, आणि चर्चेतील चढे आवाज त्याच्यापर्यंत भांडण म्हणूनच पोहोचतात.

पायरी ३ : मुलाच्या वयाप्रमाणे बोलावे

या पायरीसाठी सवड काढावी, कारण बाकीचे सर्व यावर अवलंबून आहे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला “आपल्या भागाची कामे कोणी पाहायची, हे सगळी मोठी माणसे मिळून ठरवतात” एवढे सांगितले तरी चालते. सहा ते दहा या वयात मुले नावे, चिन्हे आणि घोषणा पाठ करतात, आणि त्यातून आपण आणि ते अशी सरळ विभागणी करतात. या वयाच्या मुलासमोर कोणत्याही उमेदवाराला वाईट माणूस म्हणू नये. “मला त्यांचा हा निर्णय पटत नाही, कारण…” अशी वाक्ये मुद्दाम वापरावीत आणि कारण खरोखर पूर्ण करावे. “कारण”च्या पुढे सांगण्यासारखे काही नाही असे लक्षात आले, तर ते वाक्य मुलासमोर बोलूच नये. ही कसोटी मी स्वतःला लावली, तेव्हा माझी निम्मी वाक्ये गळून पडली.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत अडचण वेगळी असते, कारण त्यांनी आपल्याआधीच व्हिडिओ पाहिलेला असतो. “हे खोटं आहे, बघू नकोस” असे म्हटले की संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी दोघांनी शेजारी बसून तो व्हिडिओ पुन्हा पाहावा आणि तीन गोष्टी शोधाव्यात : तो मूळ कुठून आला, केव्हाचा आहे, आणि त्याच्या आधीचे व नंतरचे बोलणे कापले आहे का. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने अशा शोधात एका सभेच्या गर्दीचे छायाचित्र काही वर्षे जुने असल्याचे दाखवून दिले. ते मी आदल्या दिवशी दोघींना पाठवले होते. त्याच्यासमोरच मी त्या दोघींना चूक कळवली, आणि त्यानंतर तो स्वतःहून मला शंका विचारू लागला.

“तू कोणाला मत देणार?” हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. उत्तर द्यायचे असेल तर द्यावे, पण मत गुप्त ठेवणे हा हक्क असल्याचेही त्याच वेळी सांगावे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ मध्ये सरकारी छापील मतपत्रिकेवर गुप्त मतदान सुरू केले, आणि तेथून ही पद्धत इतर देशांत पसरली. त्याआधी अनेक ठिकाणी मत सर्वांसमोर, तोंडी द्यावे लागे आणि जमीनदार किंवा मालक शेजारी उभा असे. हे ऐकल्यावर पडद्याआडचा तो कोपरा मुलांना महत्त्वाचा वाटू लागतो. शाळेत कोणी विचारले, तर “आमच्या घरचं मत आम्ही सांगत नाही” हे उत्तर मुलाकडून एकदोनदा म्हणवून घ्यावे, म्हणजे ऐन वेळी ते अडखळत नाही.

पायरी ४ : वडीलधाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे

आजोबा आणि काका यांची मते एकमेकांविरुद्ध असतील, तर त्यांना गप्प करण्याचा प्रयत्न करू नये. फक्त जेवणाच्या ताटावर आणि मुलांच्या झोपण्याच्या वेळी हा विषय काढू नये, एवढी एकच विनंती दोघांना स्वतंत्रपणे, आदराने आणि पाहुणे जमण्याआधी करावी. वाद पेटल्यावर केलेली विनंती कोणालाच पटत नाही.

पायरी ५ : घरात एक खरी निवडणूक घ्यावी

खरी म्हणजे जिचा निकाल पाळला जाईल अशी. रविवारची सकाळ कशी घालवायची, हा प्रश्न आम्ही घेतला. टेकडी की पोहायला, असे दोन पर्याय होते. दोन्ही मुलांनी आपापल्या पर्यायाच्या बाजूने दोन मिनिटे बोलायचे, मग एकेकाने आतल्या खोलीत जाऊन चिठ्ठीवर खूण करायची आणि ती बुटांच्या रिकाम्या खोक्याला पाडलेल्या फटीतून आत टाकायची, असे ठरले. आजी धरून आम्ही पाच मतदार होतो. टेकडीला तीन आणि पोहण्याला दोन मते पडली. मुलाने फेरमोजणी मागितली. आम्ही खोके पुन्हा उघडले, चिठ्ठ्या एकेक करून जमिनीवर मांडल्या, आणि त्या पुन्हा तीन आणि दोनच निघाल्या. तो सकाळभर फुगून बसला, पण टेकडीवर आला. हरल्यावरही सोबत जाणे त्याने त्या दिवशी करून पाहिले, आणि मोठ्यांच्या निवडणुकीबद्दल त्याला जे सांगायचे होते ते सांगणे मला नंतर सोपे गेले.

मते समसमान पडली तर काय करायचे, हे खोके उघडण्याआधी ठरवावे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २०१७ मध्ये विधिमंडळाच्या एका जागेवर दोन्ही उमेदवारांना ११,६०८ अशी सारखी मते मिळाली, आणि जानेवारी २०१८ मध्ये एका भांड्यातून नाव काढून निकाल लावण्यात आला. भारतातही समान मते पडल्यास चिठ्ठी टाकूनच निर्णय होतो. मुलांना ही गोष्ट फार आवडते, आणि “एका मताने काय होतं?” हा प्रश्न ती पुन्हा विचारत नाहीत.

पायरी ६ : मतदानाचा दिवस

आई आणि वडील दोघांनी एकाच वेळी रांगेत उभे राहण्याऐवजी एकाने सकाळी लवकर आणि दुसऱ्याने दुपारी जावे. मुलाला सोबत न्यायचे असल्यास नियम आधी पाहावा. भारतात मतदान कक्षात मतदारासोबत कडेवरचे मूल येऊ शकते, मोठ्या मुलाने बाहेर थांबायचे असते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मुले पालकांबरोबर आत जाऊ शकतात. पाण्याची बाटली, खाऊ आणि एक पुस्तक जवळ ठेवावे. फोन आत नेता येईल की नाही, हेही घरूनच पाहून निघावे. भारतातील बोटावरची शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते आणि ती मैसूरला तयार होते. ती घासून जात नाही, नख वाढेल तशी पुढे सरकते. हे पाहायला मुलांना दोन-तीन आठवडे मिळतात.

पायरी ७ : निकालाची रात्र आणि दुसरी सकाळ

मतदानोत्तर चाचणी हा काही मतदारांना विचारून बांधलेला अंदाज असतो, तो निकाल नव्हे, हे मुलांना आधी सांगावे. निकाल त्याच रात्री लागेल असेही वचन देऊ नये. अमेरिकेत २०२० मध्ये ३ नोव्हेंबरला मतदान झाले आणि वृत्तसंस्थांनी विजेता जाहीर केला तो ७ नोव्हेंबरला. जर्मनीत २०२१ मध्ये मते मोजून झाली, तरी नवे सरकार ८ डिसेंबरला आले. म्हणून त्या रात्री झोपण्याची वेळ नेहमीचीच ठेवावी, आणि सकाळी मुलाला सांगायचे वाक्य आई-वडिलांनी आदल्या रात्रीच ठरवावे. आमचे वाक्य असे होते : “आम्हाला हवे होते ते निवडून आले नाहीत, मला थोडं वाईट वाटतंय, आणि तुझा डबा भरून ठेवलाय.” मुलगी मान हलवून मोजे शोधायला गेली. शाळेत कोणाला चिडवायचे नाही आणि कोणी चिडवले तर घरी येऊन सांगायचे, एवढे मी तिला दारात सांगितले. संध्याकाळी आम्ही भिंतीवरचा कागद काढला, तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या सहा आठवड्यांचे चौकोन आखले.