भाचरांना 'द लॉस्ट बॉइज' दाखवायचा असेल तर

जोएल शूमाकरचा हा १९८७चा पिक्चर कॉलेजात गेलेल्या भाचरांनाच दाखवा. शेवटाकडे रक्ताचे पाट वाहतात. आधी गोष्ट सांगू नका. समुद्रकाठचं गाव, दोन भाऊ आणि रक्तपिपासू पोरांची टोळी, बस्स.

खाणंपिणं आधी उरका. आम्हा इंदूरकरांना पिक्चरबरोबर शेव घातलेले पोहे लागतातच, पण टोळीच्या गुहेत भाताच्या अळ्या होतात आणि नूडल्सची गांडुळं. माझ्या भाचीने तिथे बशी सरळ खाली ठेवली. "मामी, हे काय गं!" सराफ्याच्या खाऊबाजारातून आणलेली जिलबीसुद्धा तशीच राहिली.

सॅक्सोफोनवाला उघडाबंब, तेल चोपडलेला गडी आला की पोरांना पोटभर हसू द्या. खरी मजा कॉमिक्सच्या दुकानातल्या एडगर-ॲलन या रक्तपिपासूंची शिकार करणाऱ्या भावांची. मिसरूड न फुटलेली पोरं, पण थाट फौजदाराचा! पाहुणा रक्तपिपासू तर नाही ना हे बघायला किसलेलं चीज म्हणून त्याला लसूण खाऊ घालतात, तो विनोद आजही ताजा आहे. शिळं झालंय ते टोळीतल्या 'स्टार' नावाच्या मुलीचं पात्र. बिचारीला नुसतं उभं ठेवलंय. भाची बोलणारच, बोलू द्या.

त्या दोन भावांच्या आजोबांचं शेवटचं वाक्य होईपर्यंत दिवे मात्र लावू नका.