गोरित्सिया ते नोव्हा गोरित्सा: इटली-स्लोव्हेनियाची बॉर्डर पायी कशी ओलांडायची

व्हेनिस झालं की आपली मंडळी लगेच फ्लोरेन्स-रोमकडे पळतात, पूर्वेकडे कोणी बघतच नाही. तिकडे रिजनल ट्रेनने दोन तासांच्या आसपास गोरित्सिया नावाचं छोटं शहर आहे, आणि शहराच्या टोकाला इटली संपते नि लगेच नोव्हा गोरित्सा, म्हणजे स्लोव्हेनिया सुरू होतो. युरोपात पायी ओलांडायच्या बॉर्डरमध्ये माझी सगळ्यात आवडती हीच. फक्त इथे काय झालं होतं ते थोडं तरी माहीत करून घेऊन जा, नाहीतर एक चौक, एक स्टेशन आणि दोन-चार सायकलवाले बघून "यासाठी आलो होय" म्हणत परत फिराल.

आधी कागदपत्रं. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसातल्या बॉर्डरवर सहसा तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे एकच व्हिसा चालतो आणि तो सिंगल एंट्री असला तरी इकडून तिकडे गेल्याने एंट्री "वापरली" जात नाही, हा प्रश्न प्रत्येक ट्रॅव्हल ग्रुपमध्ये कोणीतरी विचारतंच म्हणून सांगितलं. क्रोएशियासुद्धा 2023 पासून शेंगेनमध्ये आहे. पण पुढे बॉस्निया किंवा सर्बियाला जाऊन परत यायचा प्लॅन असेल तर मल्टिपल एंट्री लागणार. व्हिसासाठी अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे.

आता महत्त्वाचं. शेंगेन आहे म्हणून पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून फिरू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये इटलीने स्लोव्हेनियाच्या बॉर्डरवर तपासणी परत सुरू केली आणि मग मुदत वाढवतच नेली. चौकात पायी फिरणाऱ्याला सहसा कोणी हटकत नाही, पण रस्त्यावर गाड्या आणि बस थांबवतात, आणि आपल्याकडे बघून जरा जास्तच थांबवतात हे खोटं बोलून उपयोग नाही. ओरिजिनल पासपोर्ट जवळ हवा, मोबाईलमधला फोटो चालेलच असं धरून चालू नका. जर्मनी-नेदरलँड्सला शिकणारे किंवा नोकरी करणारे असाल तर रेसिडेन्स परमिट आणि पासपोर्ट दोन्ही घ्या, नुसतं कार्ड पुरत नाही.

आता थोडा इतिहास. पहिल्या महायुद्धापर्यंत हे सगळं ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं. शेजारून वाहणारी नदी इटलीत इझोंझो आणि स्लोव्हेनियात सोचा म्हणून ओळखली जाते, आणि 1915 ते 1917 मध्ये तिच्या काठी एकापाठोपाठ एक बारा लढाया झाल्या. त्यातल्या सहाव्या लढाईत, ऑगस्ट 1916 मध्ये, इटलीने गोरित्सिया घेतलं. युद्ध संपल्यावर पूर्ण भाग इटलीकडे गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युगोस्लाव्ह पार्टिझन, म्हणजे कम्युनिस्ट गनिमी सैनिक आले (स्लोव्हेनिया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता), साधारण चाळीस दिवस त्यांचं राज्य, मग दोस्त राष्ट्रांचं लष्करी प्रशासन, आणि शेवटी पॅरिसच्या तहाप्रमाणे सप्टेंबर 1947 मध्ये रेघ मारली गेली. शहर इटलीला राहिलं, पण त्याची एक रेल्वे लाईन, एक स्टेशन आणि आजूबाजूची बरीचशी खेडी युगोस्लाव्हियाला गेली. लोकांची घरं एकीकडे आणि शेतं दुसरीकडे. मिरेन नावाच्या गावात तर रेघ थेट स्मशानभूमीतून, थडग्यांमधून गेली होती, ती तिथून हलवायला 1975 उजाडलं.

बाजाराचं शहरच हातातून गेल्यावर युगोस्लाव्हियाने बॉर्डरला चिकटून नवीन शहर बांधायला घेतलं, 1948 मध्ये, तरुणांच्या श्रमपथकांना कामाला लावून. आराखडा एद्वार्द राव्हनिकारचा, ज्याने पॅरिसमध्ये चंदीगडचा आराखडा करणाऱ्या ल कोर्ब्युझिएच्या ऑफिसात काम केलेलं होतं. म्हणजे चंदीगडशी लांबचं नातं आहे म्हणा ना! म्हणून नोव्हा गोरित्सामध्ये जुनं शहर, किल्ला वगैरे शोधू नका, ते सगळं इटलीच्या बाजूला राहिलं. इकडे रुंद रस्ते, झाडं आणि इमारतींचे ब्लॉक, आणि मध्येच मोठमोठे कॅसिनो, कारण इटालियन लोक जुगाराला इथे येतात. कॅसिनो मी तरी सरळ टाळायला सांगेन.

आता प्रत्यक्ष चालायचं कसं. गोरित्सिया सेंट्रालेला उतरा (त्रिएस्तेहून आलात तर पाऊण-एक तासात पोचता). तिथून बॉर्डरचा चौक अडीच-तीन किलोमीटर आहे, बस मिळते पण चालत जा, वाटेत जुना बाजार लागतो आणि टेकडीवरचा किल्लाही करून होतो. किल्ल्याच्या पायथ्याशी पहिल्या महायुद्धाचं म्युझियम आहे, वेळ असेल तर बघाच. वरून दोन्ही शहरं एकदम दिसतात, आणि बॉर्डर कुठे आहे ते ओळखायचा प्रयत्न करून बघा, जमत नाही. मग खाली उतरून पियात्सा ट्रान्सआल्पिना असं मॅपवर टाका, स्लोव्हेनियन बाजूला त्याच चौकाचं नाव त्रग एव्रोपे.

समोर जी देखणी जुनी स्टेशनची इमारत दिसते ती 1906 ची. इमारत स्लोव्हेनियात, समोरचा चौक अर्धा-अर्धा. मध्ये जमिनीत एक गोल मोझेक बसवलंय, बॉर्डर तिथून जाते, सगळे एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात, तुम्हीही काढा, लाजू नका. फोटो झाला की तिथेच उभं राहून विचार करा की 2004 पर्यंत इथे कुंपण होतं. स्लोव्हेनिया 1 मे 2004 ला युरोपियन युनियनमध्ये गेला, त्याच वर्षी कुंपण काढलं, आणि 21 डिसेंबर 2007 ला शेंगेनमुळे तपासणीही गेली. मग मार्च 2020 मध्ये कोविड आला आणि त्याच चौकात परत जाळी उभी राहिली, लोक जाळीच्या दोन्ही बाजूंनी उभे राहून गप्पा मारायचे, बॅडमिंटनसुद्धा खेळले. 2025 मध्ये दोन्ही शहरं मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी होती, तेव्हा चौक नव्याने केला गेला.

स्टेशनच्या आतच बॉर्डरवरचं छोटंसं म्युझियम आहे, ते चुकवू नका. आणि तिथून चालत प्रिस्तावाला जा, तिथल्या जुन्या चौकीत स्मगलिंगचं म्युझियम आहे, मला तर ते जास्त आवडलं. स्थानिक लोकांना 1950 च्या दशकापासून खास पास मिळायचे, त्यावर महिन्यातून ठरावीक वेळाच पलीकडे जाता यायचं, आणि मग काय, इटलीतून कॉफी, जीन्स, वॉशिंग पावडर लपवून आणायची आणि इकडून मांस, सिगारेटी तिकडे न्यायच्या. त्याही आधीची गोष्ट म्हणजे 13 ऑगस्ट 1950 चा रविवार. युगोस्लाव्ह बाजूने हजारो लोक चौकीवर जमले आणि गर्दीच्या रेट्याने सरळ गोरित्सियात घुसले, दुकानात मिळेल ते घेतलं आणि संध्याकाळी परत गेले. बऱ्याच जणांच्या हातात केरसुण्या होत्या, कारण घरी साध्या केरसुणीचीही टंचाई होती. म्हणून त्या दिवसाला तिकडे केरसुण्यांचा रविवार म्हणतात.

गाडी घेऊन आलात तर दोन गोष्टी. स्लोव्हेनियाच्या मोटरवेवर जायचं असेल तर ई-विन्येट, म्हणजे मोटरवेचा टोल-पास, आधी ऑनलाइन काढा, इटलीसारखे टोलनाके तिथे कारसाठी नाहीत आणि दंड चांगलाच बसतो. साध्या रस्त्यांना लागत नाही. आणि दुसरं, नोव्हा गोरित्साला लागून असलेल्या सोल्कानहून ब्रदाच्या द्राक्षमळ्यांकडे जाणारा रस्ता मुद्दाम घ्या. तो मध्ये इटलीच्या हद्दीतून जातो, इटली-युगोस्लाव्हियाच्या 1975 च्या ओसिमो कराराने ठरला आणि 1985 मध्ये सुरू झाला. दोन्ही बाजूंना भिंती नि कुंपण, आणि त्या काळी तिथे थांबायला मनाई होती, म्हणजे परदेशातून जायचं पण परदेशात उतरायचं नाही.

खाण्याचं म्हणाल तर दोन्हीकडे योता नावाचं राजमासारख्या बीन्स आणि आंबवलेल्या कोबीचं दाट सूप मिळतं, थंडीत मस्त लागतं, पण त्यात बहुतेकदा पोर्क असतं, शाकाहारी असाल तर ऑर्डर करायच्या आधी नीट विचारा. पैसे बदलायची भानगड नाही, दोन्हीकडे युरो. रविवारी मात्र स्लोव्हेनियात बहुतेक दुकानं बंद असतात, पाणी-बिस्किटं आधीच घेऊन ठेवा. मोबाईलचा पॅक घेताना त्यात दोन्ही देश आहेत ना ते बघा, कारण चौकात उभं राहिलं की फोन कुठलंही नेटवर्क पकडतो.

परत व्हेनिसला जायची घाई नसेल तर त्याच जुन्या स्टेशनवरून ब्लेडची, म्हणजे स्लोव्हेनियातल्या तळ्याकाठच्या गावाची ट्रेन पकडा. गाड्या दिवसात थोड्याच असतात, त्यामुळे टाइमटेबल स्लोव्हेनियन रेल्वेच्या साइटवर आदल्या दिवशी बघून त्याप्रमाणे चौकातला वेळ ठरवा. सुटल्यावर लगेच खिडकीशी बसा, काही मिनिटांतच सोल्कानचा पूल येतो, 85 मीटरची दगडी कमान, रेल्वेच्या दगडी कमानींमध्ये जगातली सगळ्यात मोठी. 1916 मध्ये माघार घेताना ऑस्ट्रियन सैन्याने ती उडवली आणि नंतर इटलीने परत बांधली. तुम्ही पुलावर असल्यामुळे कमान स्वतःला दिसत नाही, ती नीट बघायची तर आधी सोल्कानला नदीकाठी चालत जाऊन या. तिकीट ब्लेड येझेरो स्टेशनचं काढा, तळ्याजवळचं स्टेशन ते.