अंडी लहान निघाली तर केकचं माप कसं सांभाळायचं

पाककृतीत ‘३ मोठी अंडी’ लिहिलेलं असतं आणि हाताशी लहान अंडी असतात. अशा वेळी नग मोजू नका, वजन करा. कवच काढलेलं मोठं अंडं साधारण ५० ग्रॅम भरतं, मध्यम ४४ आणि लहान ३८. म्हणजे ३ मोठ्यांचे १५० ग्रॅम ४ लहान अंड्यांत जवळपास नेमके बसतात. मध्यम ३ घेतली तर १८ ग्रॅम कमी पडतात. चौथं फोडून काट्याने हलकं फेटायचं (फेस नको, चमच्याचं माप चुकतं) आणि त्यातलं एक मोठा चमचाभर घालायचं. चौथं अख्खं ओतलं की केक रबरासारखा चिवट होतो. उलट अंडं कमी पडलं तर तो कोरडा होतो, कापताना भुगा पडतो.

एकाच अंड्याची कृती असेल तर ५-६ ग्रॅमसाठी जीव काढू नये. ऑम्लेटला तर प्रश्नच नाही. एक्लेअरच्या (आत क्रीम भरलेल्या लांबट पेस्ट्रीच्या) पिठाला मात्र वजनावरही विसंबू नका. फेटलेलं अंडं थोडंथोडं घाला. पीठ चमच्यावरून जड, त्रिकोणी पडद्यासारखं लोंबलं की थांबा.