रणभूमीवर धावायला निघालात? या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की एकच मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो. 'पन्हाळा ते पावनखिंड, एका दमात, कोण येतंय?' खाली अंगठे, मशाली, भगवे झेंडे. मग जुलै उजाडतो आणि झेंडे टाकणाऱ्यांतले निम्मे कुठल्यातरी वाडीतल्या शाळेच्या व्हरांड्यात गुडघे चोळत बसलेले सापडतात. या जागांवर धावायला मला मनापासून आवडतं. चिडचिड होते ती दरवर्षी त्याच त्या चुका बघून.

मुळात एक गोष्ट कुणी ध्यानातच घेत नाही. लढाई सहसा उगाच कुठेतरी होत नाही. जिथे समोरच्याचा पाय अडखळेल, घोडा रुतेल, पाणी संपेल, मागे फिरायला वाव राहणार नाही, अशी जागा कुणीतरी हेरून ठेवलेली असते. तुम्ही हौसेने निवडलेला रूट म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी कोंडी करायला निवडलेली जमीन आहे. म्हणून मी शूज कुठले घालायचे हे ठरवण्याआधी लढाईचं वर्णन वाचतो. महिना कुठला होता, अडकलं कोण, कशामुळे अडकलं. साडेतीनशे वर्षांत रस्ते झाले, पण चिखल तोच आहे.

'त्यांनी एका रात्रीत केलं होतं!'

या वाक्याचा मला खरोखर कंटाळा आलाय. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज सहाशेच्या आसपास मावळ्यांनिशी पन्हाळ्यावरून निसटले आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडावर पोचले, हे खरं. पण ती वाट आधी हेरांनी पाहून ठेवलेली होती. बरोबर बांदलांचे मावळे होते, ज्यांचं अख्खं आयुष्य असल्या डोंगरात गेलेलं. दुसऱ्या पालखीत बसून शिवा काशीद मरणाला सामोरा गेला, आणि घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू उभे राहिले. ती वेळ माणसांनी जीव देऊन मिळवलेली आहे. तिच्याशी घड्याळ लावून शर्यत खेळायची कल्पनाच मला कशीशी वाटते. आणि समजा भावना बाजूला ठेवली, तरी सोसायटीच्या ट्रॅकवर दहा किलोमीटर पळणाऱ्या माणसाने पन्नासेक किलोमीटरची चिखलवाट रात्री अंगावर घ्यावी, याला काय म्हणायचं?

या रूटवरचा खरा घात मसाई पठारावर होतो. पन्हाळ्याहून निघालेली मंडळी अजून ताजीतवानी असतात, पठार लांबलचक आणि सपाट, त्यामुळे सगळे सुटतात. जुलैत तिथे धुकं असं उतरतं की पुढच्याची पाठ दिसत नाही. कडा कुठे आहे ते तर नाहीच. पठारभर गुरांनी पाडलेल्या वाटा असतात. ढोरवाट आणि माणसाची वाट उन्हात चटकन ओळखू येते, कारण ढोरवाट गवताच्या कडेकडेने, कारण नसताना वळत जाते. धुक्यात दोन्ही सारख्याच.

आमच्याबरोबर एकदा एक पोरगा होता. पायात ताकद भरपूर, हातात महागाचं घड्याळ, घड्याळात कुणाकडून तरी आणलेली जीपीएक्स फाइल, म्हणजे दुसऱ्याने चालून रेकॉर्ड केलेल्या वाटेची रेघ. आम्ही म्हटलं, पठार संपेपर्यंत एकत्र राहू. तो म्हणाला, तुम्ही या सावकाश, माझ्याकडे लाइन आहे. गेला. पठार उतरून खालच्या वाडीत आम्ही पोचलो तर हा नाही. अर्धा तास थांबलो, हाका मारल्या, फोनला रेंज नाही. शेवटी दोघे परत वर चढायला लागले तेवढ्यात एक गुराखी मामा त्याला दंडाला धरून घेऊन येताना दिसले. डोक्यावर इरलं, हातात काठी, आणि तोंडाचा पट्टा चालू. 'ह्यो तुमचा काय? खाली कडा हाय न्हवं तितं! म्या आरडलो म्हून थांबला, न्हाईतर काय खरं न्हवतं.'

झालं असं होतं की ती फाइल मे महिन्यात रेकॉर्ड केलेली. ज्याने केली तो कोरड्या ओढ्यातून सरळ पार झाला होता. जुलैत त्या ओढ्याला कमरेएवढं पाणी. पोराने लाइन सोडून वळसा घातला, ढोरवाटेला लागला, आणि घड्याळ 'मार्ग सोडला' असं कोकलत असताना, मार्ग आपल्यालाच जास्त कळतो या भरवशावर उताराला लागला. फोन काढून नकाशा बघावा तर पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देईना.

यावर माझे उपाय साधे आणि कंटाळवाणे आहेत. आधी रूट चालून यायचा, मग पळायचा. त्याच ऋतूत. फाइल कुठल्या महिन्यातली हे विचारल्याशिवाय कुणाची फाइल घ्यायची नाही. कागदावर वाड्यांची नावं क्रमाने लिहून प्लास्टिकच्या पिशवीत खिशात ठेवायची, कारण 'आंबेवाडी कुठाय मामा?' असं विचारता येतं, 'लाइन कुठाय?' असं विचारता येत नाही. आणि विचारायचं ते दोघांना, वेगवेगळं. 'किती लांब' हे विचारूच नका. उत्तर ठरलेलं आहे, 'ह्ये काय, हितंच.' 'तुम्हाला चालत जायला किती वेळ लागतो' असं विचारा आणि जे सांगतील त्यात स्वतःची भर घाला.

दोन दिवस घ्या, वाटेत करपेवाडी किंवा आंबेवाडीच्या पट्ट्यात मुक्काम करा, काही बिघडत नाही. त्याहून बरं म्हणजे जुलै सोडाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमीन घट्ट होते, पठारावर फुलं उरलेली असतात आणि पावलं आपटायला मोकळी वाट मिळते. जुलैत हजारो पाय त्याच वाटेवरून गेलेले असतात. तिथे धावणं हा नुसता शब्द, घसरगुंडीच ती.

उतार फुकट नसतो

लोणावळ्याहून कुरवंडे घाट उतरून उंबरखिंड. सुटीच्या दिवशीचा लाडका बेत. सगळा उतार, शेवटी स्मारक, फोटो, झालं. मग पायथ्याच्या चावणी गावात उभं राहून एकमेकांना विचारायचं, आता परत कसं जायचं?

२ फेब्रुवारी १६६१ रोजी मुघल सरदार कारतलबखानाची गत हीच झाली. प्रचंड फौज घेऊन तो घाटावरून कोकणात उतरू लागला. वाट चिंचोळी, दोन्ही बाजूंना दाट जंगल, आणि वर मराठे. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. रायबागन या सरदार स्त्रीच्या सल्ल्याने शरणागती पत्करून, सामानसुमान टाकून तो जीव वाचवून निघाला. तुमच्याकडून खंडणी कुणी मागणार नाही. पण थकलेल्या मांड्यांनी तोच घाट भर दुपारी परत चढताना तुम्हाला खानाची दया येईल एवढं नक्की.

मी उलटा जातो. खालून सकाळी चढतो, वर चहा पितो, बसने घरी. उतारावर गुडघ्यांचं वाटोळं होत नाही आणि दमलो तर मागे फिरणं सोपं. नवख्यांना हे सांगितलं की तोंड वाकडं होतं, कारण उताराच्या रूटवर घड्याळात वेग छान दिसतो.

उंबरखिंडीचं स्मारक अंबा नदीच्या पात्रात आहे. पाऊस असेल तर काठावरूनच हात जोडा.

काळी माती

जालना जिल्ह्यातल्या असईला फार कमी जण धावायला जातात, आणि जातात ते नेमके लढाईच्या तारखेला जातात. २३ सप्टेंबर १८०३, मराठे विरुद्ध इंग्रज. म्हणजे खरिपाची पिकं उभी, पाऊस अजून गेलेला नाही आणि जमीन काळी. ही माती ओली झाली की तळव्याला थरावर थर चढवत जाते. शंभर पावलांत बूट उचलेनासे होतात. ट्रेलचे महागडे शूज तर जास्तच, कारण त्यांच्या खोल खाचांत माती गच्च बसते. इथे साधे, कमी खाचांचे शूज बरे आणि हातात एक काडी, खरवडायला.

वाट चुकवायला इथे डोंगर नाही, पण नदी आहे. लढाईच्या दिवशी वाटाड्यांनी केळणा नदीला जवळपास उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी जागा, नाही असं सांगितलं. इंग्रज सेनापती वेलस्लीने मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं की यांच्यामध्ये उतार असणारच. होता. अनोळखी मुलखात वाट शोधताना हा तर्क आजही कामाला येतो. समोरासमोरच्या गावांमध्ये, दोन देवळांमध्ये, वस्ती आणि विहिरीमध्ये वाट असते, नकाशात असो वा नसो. पण तर्क वाटेपुरता वापरा. सप्टेंबरच्या पुरात वेलस्ली व्हायला जाऊ नका, पुलावरून जा.

शॉर्टकट म्हणून उभ्या सोयाबीनमधून जाणाऱ्यांबद्दल मी काही बोलणार नाही. शेतकरी बोलतीलच. पाणंद असते, शिवरस्ता असतो, बांध असतो. बांधावरूनही पळू नका, चाला. बांध ढासळला की पुढच्या पावसात शेतातली माती वाहून जाते.

पाण्याचं एका वाक्यात

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडली गेलेली निजामाची फौज पाण्याला महाग झाली होती, आणि तुम्ही त्याच मार्चमध्ये अर्ध्या लिटरची एक बाटली घेऊन निघता.

दगड म्हणजे स्ट्रेचिंगची जागा नव्हे

हे दुसरं दुखणं. गडाच्या घेऱ्यातल्या, जुन्या घाटवाटेवरच्या कुठल्याही गावात महादेवाच्या देवळाजवळ वीरगळ दिसतात. कमरेएवढा उभा दगड, त्यावर एकावर एक चौकटी. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, कधी शेजारी गाई, म्हणजे गुरं सोडवताना कामी आलेला. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्याला चंद्रसूर्य. पडझड झालेला असला, पारावर आडवा पडलेला असला, तरी ते एका माणसाचं स्मारक आहे.

आणि आमची मंडळी काय करतात? त्याच्यावर टाच टेकवून पोटऱ्या ताणतात. उंची बरोबर मिळते ना!

एका गावात असाच एक जण दगडाला चिखलाचा बूट लावून वाकला होता. समोरच्या घरातून आजी आल्या. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाल्या, 'बाळा, पाय काढ. आमच्या घरातला हाय त्यो. सणाला निवद दावतो आमी त्येला.' बिचाऱ्याला कुठे बघावं कळेना. बूट काढला, स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतून दगड धुतला. आजींनी मग सगळ्यांना पाणी दिलं, हा त्यांचा मोठेपणा. दुसऱ्या एका गावात त्याच कारणावरून धावणाऱ्यांना वेशीतूनच परत लावतात, आणि चूक गावाची नाही.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावच्या ४६ जवानांचं तिथे स्मारक आहे आणि आजही घराघरातून कुणीतरी फौजेत आहे. अशा ठिकाणी तुम्ही छाती उघडी टाकून, फोनवर गाणी लावून, स्मारकाच्या कठड्यावर बसून एनर्जी जेलची पुडी चोखत असाल, तर समोरून जाणारा माणूस कदाचित पेन्शनीतला सुभेदार असेल एवढं डोक्यात असू द्या.

माझी सवय अशी की स्मारक दिसायला लागलं की घड्याळ बंद. तिथपर्यंत चालत जायचं, बूट बाहेर. लेस चिखलाने गच्च झाल्यात ही सबब चालत नाही. परत निघाल्यावर घड्याळ चालू. धावण्याच्या ॲपवर ज्यांनी सेगमेंटचा, म्हणजे वेळेची तुलना करायच्या टप्प्याचा, शेवट थेट समाधीपाशी करून ठेवलाय त्यांना माझा दंडवत. त्या चार सेकंदांसाठी लोक बायाबापड्यांना ढकलत शेवटचा स्प्रिंट मारतात. सेगमेंट बनवायचाच असेल तर अलीकडच्या वळणावर संपवा.

बाकीचं, घाईत

कड्याला आग्या मोहोळ लटकत असतं. डिओ, धूर, स्पीकर, तिन्ही घरी ठेवा.

जळवा ओढून काढू नका, मीठ लावा.

धनगरवाड्याजवळ कुत्री अंगावर येतात. पळालात तर येणारच. चाला, लांबूनच हाक मारा, कुणीतरी बाहेर येऊन त्यांना आवरतं.

सिंहगडावर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने घड्याळ लावून वेळ नोंदवायची असेल तर उजाडायच्या आत वर असा. नंतर गर्दीत कोपर मारत उतरणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आणि कुरवंड्याकडे जाताना नौदलाच्या 'आयएनएस शिवाजी'ची हद्द लागते. तिथे फोन खिशात, ड्रोन मुळीच नाही, आणि पहारेकऱ्याने हटकलं तर 'फक्त धावतोय सर' एवढं सांगून ओळखपत्र दाखवायचं. ओळखपत्र जवळ नसलेला एक तरी जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला आदल्या रात्रीच फोन करून आठवण करा.