मोठ्यांना आदराने ‘नाही’ कसे म्हणावे : बडोद्यातील तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी

या वयात उंची मोठ्यांच्या खांद्याला लागते, पण दुकानात किंवा रिक्षात आपले बोलणे अजून लहान मुलाचेच समजले जाते, आणि त्यामुळे कित्येक मुले एकतर गप्प बसतात किंवा फणकाऱ्याने उत्तर देतात. त्यापेक्षा आधी काका, मावशी, आजोबा असे संबोधन वापरावे, मग आपले म्हणणे एका वाक्यात सांगावे आणि तेथेच थांबावे. लांबलचक सबबी दिल्या की समोरचा माणूस एकेक खोडून काढत बसतो.

रविवारी सकाळी फाफडा-जिलेबीच्या रांगेत तुमच्या डोक्यावरून कोणी नोट पुढे केली, तर त्या गृहस्थांशी वाद घालू नका. दुकानदाराकडे पाहून, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ‘काका, मारो वारो छे’ (माझा नंबर आहे) म्हणा. माल देणारा तोच असल्यामुळे दादही त्याच्याकडेच मागावी.

खरी अडचण होते ती ओळखीच्या माणसाने काम सांगितल्यावर. शेजारचे काका पानाच्या गल्ल्यावरून तंबाखू आणायला पाठवतात. मात्र 2003च्या कायद्याने अठरा वर्षांखालील कोणालाही तंबाखू विकण्यास मनाई आहे. ‘काका, तंबाखू मी आणणार नाही, दूध किंवा पेपर हवा असेल तर आत्ता आणून देतो,’ असे म्हटल्यास नकार कामाला राहतो, माणसाला लागत नाही. मला हे उत्तर फार मोलाचे वाटते, कारण त्यात मदतीची तयारी खरी असते.

‘ॲक्टिव्हा जरा कोपऱ्यापर्यंत ने’ हे वाक्यही नेहमीचेच. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा असतो, त्याहून मोठ्या गाडीसाठी अठरा पूर्ण लागतात, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मामा, पकडले तर दंड तुम्हाला होईल,’ एवढे सांगणे पुरेसे आहे. त्यांचे नुकसान पुढे ठेवल्यामुळे त्यांना माघार घेणे सोपे जाते.

सयाजीबागेत भेटलेल्या मावशींनी गुणांची चौकशी केली, तर ‘अभ्यास नीट चालला आहे’ म्हणून त्यांच्या घरच्यांची विचारपूस करावी.

मात्र कोणी नकोसा स्पर्श केला, पाठलाग केला किंवा एकटे गाठून घरचा पत्ता विचारला, तर वर सांगितलेले संबोधन, आदर, सौम्य आवाज यांपैकी काहीही पाळण्याची गरज नाही, मग ती व्यक्ती ओळखीची का असेना. मोठ्याने बोला, जवळच्या वर्दळीच्या दुकानात शिरा आणि घरच्या विश्वासू माणसाला त्याच दिवशी सांगा. 2012चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला आणि मुलीला लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देतो. 1098 हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य लागतो. सांगताना जागा, वेळ आणि रिक्षा असल्यास तिचा नंबर, जेवढे आठवेल तेवढे सांगा. सगळे आठवत नाही म्हणून सांगायचे टाळू नका.