लिनक्स ड्रायव्हरमधील इंटरप्ट थ्रेडकडे सोपवा
आयटूसी बसवरील (चिप जोडणाऱ्या दोन तारांच्या संथ मार्गावरील) सेन्सर किंवा टचस्क्रीनसाठी ड्रायव्हर लिहिताना इंटरप्ट हँडलर (उपकरणाने लक्ष वेधणारा संकेत, म्हणजे इंटरप्ट, दिला की लगेच चालणारे फंक्शन) आणि वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) यांची जुळणी स्वतः करत बसण्याऐवजी, २००९ मध्ये कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.६.३० या आवृत्तीत आलेले 'रिक्वेस्ट थ्रेडेड आयआरक्यू' हे फंक्शन वापरावे. बसवरून वाचताना थांबावे लागते आणि इंटरप्ट येताच चालणाऱ्या मूळ हँडलरमध्ये थांबण्यास मनाई असते; हे फंक्शन ते काम थांबता येणाऱ्या वेगळ्या थ्रेडकडे सोपवते. थ्रेडमध्ये म्यूटेक्सदेखील (एका वेळी एकालाच वापर करू देणारे कुलूप) निर्धास्तपणे घेता येतो. मूळ हँडलरच्या जागी नल (रिकामा पॉइंटर) दिल्यास 'वनशॉट' फ्लॅग (थ्रेड संपेपर्यंत इंटरप्ट मास्क, म्हणजे बंद, ठेवणारा) अवश्य द्यावा. तो नसेल तर कर्नल सहसा नोंदणीच नाकारतो, आणि ते योग्यच आहे, कारण थ्रेडचे काम संपेपर्यंत लेव्हल-ट्रिगर्ड (उपकरणाचा संकेत टिकून असेपर्यंत सक्रिय राहणारा) इंटरप्ट मास्क राहिला नाही, तर उपकरण शांत होण्याआधीच तो पुन्हा पुन्हा येऊन प्रोसेसर त्यातच अडकून पडेल. मायक्रोसेकंदांचा हिशेब असलेल्या उपकरणांसाठी मात्र छोटासा मूळ हँडलर ठेवावाच.